16 ऑगस्टच्या यादीतली रिकामी जागा

लोकप्रिय संगीताच्या दिनविशेषांत 16 ऑगस्ट हा दिवस फार भरलेला आहे. 1938 मध्ये याच दिवशी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ग्रीनवुड गावाजवळ, रॉबर्ट जॉन्सन हा कृष्णवर्णीय ब्लूज गायक वयाच्या 27व्या वर्षी गेला. 1962 मध्ये याच दिवशी लिव्हरपूलमध्ये बीटल्सच्या व्यवस्थापकाने पीट बेस्ट या ड्रमवादकाला काढून टाकलं आणि रिंगो स्टारसाठी जागा झाली. 1969 मध्ये वुडस्टॉकच्या शेतावर जमलेल्या लाखोंच्या मेळ्याचा हा दुसरा दिवस होता. सांताना त्याच दुपारी वाजवून गेला. 1977 मध्ये मेम्फिसच्या घरात एल्विस प्रेस्ली गेला, 42 वर्षांचा. 1997 मध्ये लंडनच्या रुग्णालयात नुसरत फतेह अली खान गेले, पन्नाशीही न गाठता. 2018 मध्ये डेट्रॉइटला अरिथा फ्रँकलिन गेली. मॅडोनाचा जन्मही 1958 चा, याच तारखेचा. जगभर ही यादी थोड्याफार फरकाने अशीच छापली जाते. तिच्यात एक ओळ कमी आहे आणि ती आपल्या मुलखातली आहे, असं माझं म्हणणं आहे. 16 ऑगस्ट 1942, चिमूर. त्या दिवसाची नोंद स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ठळक आहे. संगीताच्या इतिहासात ती कोणी केलेली नाही, आणि ती का व्हायला हवी हे भंडारा जिल्ह्यातून पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं.

आधी अशा याद्या कशातून तयार होतात ते पाहू. गाण्याला तारीख आपोआप चिकटत नाही. ती चिकटवायला कोणीतरी कागद करावा लागतो, आणि संगीताच्या बाबतीत असा कागद करणारे मुख्यतः दोघे: ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी आणि सरकार. भारतात 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला, त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला, आणि तिथून आपल्या संगीताला तारखा मिळू लागल्या. रॉबर्ट जॉन्सनचंच घ्या. 1936 आणि 1937 मध्ये टेक्सासमध्ये त्याची 29 गाणी मुद्रित झाली नसती, तर मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या असंख्य फिरत्या गवयांसारखा तोही नाहीसा झाला असता. मेल्यावर तो तसा नाहीसाच झाला होता. 1961 मध्ये त्याच्या जुन्या मुद्रणांचा संग्रह निघाला तेव्हा त्याचं नाव गाजू लागलं, आणि तो नेमका कधी गेला हे 1968 मध्ये एका संशोधकाला त्याच्या मृत्यूचा सरकारी दाखला सापडला तेव्हा पक्कं झालं. त्या दाखल्यावर मृत्यूच्या कारणाच्या जागी डॉक्टर नव्हता एवढंच लिहिलेलं आहे. आज जगातल्या प्रत्येक यादीत 16 ऑगस्टला जॉन्सन असतो तो एका कंपनीच्या मेणाच्या तबकड्यांमुळे आणि एका कारकुनाच्या दाखल्यामुळे. त्याच्या बरोबरीने गाणारे, कदाचित त्याच्याहून चांगले गाणारे, तारखेविना राहिले.

आता हाच निकष झाडीपट्टीला लावून पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि तलावांचा पट्टा. (1942 मध्ये गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, तो जिल्हा वेगळा झाला 1999 मध्ये.) या पट्ट्यात गाण्याची कमतरता कधीच नव्हती. पावसाळ्यात रोवणीला उतरलेल्या बाया चिखलात वाकून तासन्‌तास गातात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तेव्हा रात्रभर दंडार चालते, खडी गंमत चालते, नाटकं चालतात, आणि झाडीतला प्रेक्षक गाण्याशिवायचं नाटक नाटक मानत नाही. पण यातल्या कुठल्या गाण्याची तारीख सांगता येईल? साकोलीकडे किंवा लाखांदूरकडे एखादी दंडार अमुक साली पहिल्यांदा उभी राहिली, तमुक दिवशी एखाद्या शाहिराने नवी चाल बांधली, असं सांगणारा कागद नाही. नागपूरला आकाशवाणी केंद्र आलं तेच 1948 मध्ये. त्याआधी या मुलखातलं गाणं साठवायला माणसाच्या आठवणीखेरीज दुसरं काही नव्हतं. त्यामुळे दिनविशेषांच्या यादीत झाडीचं नाव नसणं यातून झाडीत संगीत घडलं नाही असं काहीच सिद्ध होत नाही. फक्त कागद झाला नाही एवढंच सिद्ध होतं. याला जो मोठा अपवाद आहे तो 1942 चा. त्या वर्षी इथल्या गाण्याची दखल सरकारने घेतली, आणि सरकार दखल घेतं तेव्हा कागद होतो.

ज्यांच्या गाण्याची ही दखल घेतली गेली त्या तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. तरुणपणी ते चिमूरच्या परिसरातल्या रानांत राहिले. गोंदोडा ही त्यांची तपोभूमी म्हणून आजही ओळखली जाते. पुढे त्यांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं, पण त्यांचं खरं काम चालायचं ते गावोगावच्या भजनांतून. त्यांच्या हातात असायची खंजिरी. एका हातात मावणारी, कातड्याने मढवलेली, कडेला झांजा बसवलेली. हे वाद्य गरिबाच्या ऐपतीतलं आहे, ते शिकायला गुरूच्या घरी वर्षानुवर्षं काढावी लागत नाहीत, आणि पेटी-तबल्याची जोड नसली तरी त्याच्यावर शंभर माणसांना एका लयीत आणता येतं. महाराज एक ओळ म्हणायचे, समोरचा जमाव ती उचलायचा. भजनं कधी मराठीत, कधी साध्या हिंदीत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा दोन भाषांचा प्रांत होता हे इथे लक्षात घ्यायला हवं. तुमसरच्या बाजारात त्या काळी मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी हे सगळं कानावर पडायचं. ज्या गवयाला एकाच रात्री दोन्ही भाषांतून जमाव हलवता येतो, त्याला या मुलखात पोचायला छापील पत्रिकेची गरज नव्हती. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, बोलावून सुमारे महिनाभर ठेवून घेतलं. तिथून परतल्यावर त्यांच्या भजनांत देवाबरोबर गाव आणि देश आला, आणि चाळीसच्या दशकाच्या तोंडाशी त्यांची काही पदं उघड उघड राज्यकर्त्यांना आव्हान देणारी झाली. त्यातलं सर्वांत गाजलेलं पद हिंदीत आहे. दगडांचे बॉम्ब होतील आणि भक्तांची फौज होईल अशी त्याची कल्पना.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत चले जावचा ठराव झाला, 9 तारखेला पहाटे पुढारी पकडले गेले. पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं, आणि चिमूरसारख्या गावाला रेल्वेही नाही. चिमूर तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या वरोरा तहसिलीत होतं. 16 ऑगस्टला नागपंचमी होती. सकाळी प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी ती अडवली, लाठ्या चालल्या, गोळ्या सुटल्या, आणि किशोरवयीन बालाजी रायपूरकर मारला गेला. मग जमाव उसळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि आणखी सरकारी माणसं त्या दिवशी जमावाच्या हातून मेली. तीन दिवस गावात सरकार उरलं नाही. 19 तारखेला लष्कराच्या तुकड्या आल्या आणि त्यानंतर चिमूरवर जे गुदरलं, विशेषतः तिथल्या बायकांवर, त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींना दोन महिन्यांहून लांब उपोषण करावं लागलं. त्याच 16 ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली. पुढे चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशी सुनावली गेली. अनसूयाबाई काळे यांनी त्या जिवांसाठी जी धडपड केली ती विदर्भाच्या सार्वजनिक जीवनातली एक मोठी गोष्ट आहे. 1945 मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.

या सगळ्यात संगीत कुठे आहे? ते तीन ठिकाणी आहे. पहिलं, दिवसाची सुरुवातच गाण्याने झाली. प्रभातफेरी म्हणजे पहाटे गात गात गावातून फिरणं, आणि पोलिसांनी प्रथम अडवलं ते याच फेरीला. दुसरं, त्या ऑगस्टमध्ये या भागात जी गावं सर्वांत जोरात पेटली त्यांची नावं एकत्र ठेवून पाहा: चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली. हा तुकडोजी महाराजांच्या भजनांचा मुलूख आहे, आणि त्यातली यावली तर त्यांचं जन्मगाव. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा सरकारनेच दिला. ऑगस्ट संपता संपता त्याने तुकडोजी महाराजांना चंद्रपुरात अटक केली आणि आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ते सुटले डिसेंबरात. महाराज काँग्रेसचे पदाधिकारी नव्हते, त्यांच्याजवळ शस्त्र नव्हतं, संघटनेचा कागदोपत्री कारभार नव्हता. त्यांच्याजवळ भजन होतं. ज्या सरकारने जगभर राज्य चालवलं, त्याच्या अधिकाऱ्यांना कोणाला आत टाकल्याने गावं शांत होतील याचा हिशेब कळत होता, आणि तो हिशेब त्यांनी एका खंजिरीवाल्यावर आणून थांबवला.

यावर पहिला आक्षेप असा की हा कार्यकारणाचा घोळ आहे. माणसं उठली ती गाण्यामुळे नव्हे. महागाई होती, युद्ध होतं, पुढाऱ्यांची अटक होती, आणि चिमुरात प्रत्यक्ष ठिणगी पडली ती गोळीबाराने. आक्षेप वजनदार आहे, आणि तो टाळता येत नाही, कारण त्याचा सर्वांत चांगला पुरावा भंडारा जिल्ह्यातच आहे. चिमूरच्या दोन दिवस आधी, 14 ऑगस्टला, तुमसरात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसं हुतात्मा झाली. तुमसर हे मँगेनीज आणि तांदळाच्या व्यापाराचं गाव, नागपूर-कलकत्ता रेल्वेच्या जवळचं. तिथे बातमी रुळांवरून येत होती, बाजारपेठेत पसरत होती. तुमसरची कथा सांगताना खंजिरीचा आधार घ्यावा लागत नाही. म्हणजे गाण्याविनाही गाव उठू शकत होतं. मी हे पूर्ण मान्य करतो. पण त्यातून माझा मुद्दा पडत नाही, उलट नेमका होतो. गाण्याने राग निर्माण केला असं माझं म्हणणं नाहीच. राग दोन्ही ठिकाणी होता. फरक असा की तुमसरजवळ रेल्वे आणि बाजार होता, आणि रानाच्या काठावरच्या चिमूरजवळ एकत्र येण्याची जी सवय होती ती भजनाची होती. ठरल्या वेळी जमायचं, एकाने म्हटलेलं सगळ्यांनी उचलायचं, एका लयीत चालायचं, अनोळखी माणसाच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा: हे शिक्षण त्या गावांना कोणत्याही राजकीय पक्षाने दिलेलं नव्हतं. संगीताच्या इतिहासाने हेच तर नोंदवायला हवं. एखाद्या गाण्याची किती तबकड्या खपल्या ही त्याच्या परिणामाची एक मोजणी आहे. लोक गाता गाता काय करायला शिकले, ही दुसरी, आणि जिथे तबकडी पोचलीच नाही तिथे हीच एक मोजणी हाती राहते.

दुसरा आक्षेप अभ्यासू संगीतप्रेमी घेतील: भजन म्हणजे भक्ती, लोकप्रिय संगीत ही वेगळी गोष्ट. ती बाजाराची, करमणुकीची, तिकिटाची. पण मग 16 ऑगस्टचीच यादी पुन्हा वाचा. नुसरत फतेह अली खान काय गात होते? कव्वाली, म्हणजे दर्ग्यातली भक्ती, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती त्यांनी जगाच्या रंगमंचावर नेली म्हणून ती भक्ती राहिली नाही असं कोणी म्हणत नाही. अरिथा फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढली. तिचे वडील तिथले धर्मोपदेशक होते, आणि तिची जी ध्वनिमुद्रिका रसिक फार वर मानतात ती 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, भक्तांच्या ओरडण्या-रडण्यासह मुद्रित झाली. एल्विसही चर्चमधलं गाणं ऐकतच वाढला, आणि आयुष्यभर गात राहिला. या तिघांना आपण लोकप्रिय संगीतात बसवतो. एका ओळीवर जमावाने दुसरी ओळ उचलणं, वाढत जाणारी लय, गवई आणि श्रोता यांतली सीमा पुसली जाणं, ही सगळी वैशिष्ट्यं खंजिरी भजनात आहेत. राहिला प्रश्न बाजाराचा. तो नव्हता, हे खरं. पण ज्या काळात या मुलखात गाणं विकायची सोयच नव्हती त्या काळातल्या गाण्याला ते विकलं गेलं नाही म्हणून बाहेर ठेवणं हा गाण्याचा निवाडा नव्हे, सोयीचा निवाडा आहे. हजारो माणसं पायी चालत येऊन रात्र रात्र बसतात आणि पदं तोंडपाठ घेऊन परततात, याहून लोकप्रियतेचा वेगळा अर्थ मला तरी करता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. त्या दिवशी माणसं मारली गेली, आणि मारली गेलेली सरकारी माणसं इथलीच होती, नोकरीवर आलेली. जिथे दगडांचे बॉम्ब करण्याची भाषा गायली गेली तिथे दगड फिरले, तर गवयाचा सन्मान करताना या रक्ताचं काय करायचं? त्याला सोपं उत्तर नाही. त्या पदात भक्तांची फौज ही कल्पना आहे, आणि ती ऐकणाऱ्याने रूपक म्हणून घ्यायची की सूचना म्हणून, हे ऐकणाऱ्याच्या त्या क्षणीच्या परिस्थितीवर ठरतं. सकाळची फेरी निःशस्त्र होती. मुलाचं प्रेत पाहिल्यावरचा जमाव वेगळा होता. महाराजांनी पुढे आयुष्यभर ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती, जातिभेद मोडणं यांवर जोर दिला, 1955 मध्ये ग्रामगीता दिली, आणि त्यांच्या नावावर कोणी हिंसेचा पंथ उभा करू शकलं नाही. तरीही संगीताच्या इतिहासात चिमूर लिहायचं तर डुंगाजी आणि सोनवणे ही नावं गाळून लिहिता येणार नाही. इतिहासाच्या नोंदीचा अर्थ कौतुक असाच नसतो. गाण्यात ताकद होती असं म्हणायचं असेल, तर ती कुठवर गेली हेही सांगावं लागेल.

आता कोणी विचारेल, चिमूर चंद्रपूरचं. भंडाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? जिल्ह्याची हद्द तहसील कचेरीला कळते, गाण्याला नाही. पवनीच्या घाटावरून वैनगंगा ज्या मुलखाकडे वाहते, तिथे दंडारीची मंडळं, नाटकाचे संच आणि भजनी मंडळं हद्दी न विचारता फिरत आली आहेत. गुरुदेव सेवा मंडळाची रीतसर स्थापना 1943 ची, म्हणजे महाराज तुरुंगातून सुटल्यानंतरची, आणि त्याच्या शाखांनी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जी सामुदायिक प्रार्थना रुजवली तिची मुळं 1942 च्याच अनुभवात आहेत असं मला वाटतं. आदल्या वर्षी भजनाचा जमाव म्हणजे काय हे सरकारने पाहिलं होतं आणि स्वतः गवयानेही पाहिलं होतं. त्यानंतर त्या जमावाला रोजची वेळ, रोजची शिस्त, रोजचं काम देणं ही सुचायलाच हवी अशी पुढची पायरी होती. भंडाऱ्याच्या गावांत आजही खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, बायकांची मंडळं त्यात हिरिरीने उतरतात, आणि वीस-पंचवीस खंजिऱ्या एकदम वाजू लागल्या की त्या मंडपात बोललेलं ऐकू येत नाही. हा वारसा आठवणीवर चालू आहे, कागदावर नाही.

एक शेवटची अडचण तारखेचीच. झाडीतल्या जुन्या माणसांनी हा दिवस 16 ऑगस्ट म्हणून कमी आणि नागपंचमी म्हणून जास्त लक्षात ठेवला. नागपंचमी दरवर्षी सरकते, कधी जुलैच्या अखेरीला येते तर कधी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्या दिवसाला आपण जगाच्या यादीत बसवू पाहतो तो इथल्या लोकांच्या मनात त्या यादीच्या पंचांगावर नाहीच. मला हा अडथळा वाटत नाही. दोन्ही ठेवावेत. सरकारी कागदाची तारीख यादीसाठी, तिथी गावासाठी. यादीतली ओळ अशी असावी: 1942, मध्य प्रांतातल्या चिमूर गावी नागपंचमीच्या सकाळी गात निघालेल्या प्रभातफेरीवर गोळीबार, बालाजी रायपूरकर हुतात्मा, जमावाच्या हातून अधिकारी ठार, भजनकार तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक. ती 1938 च्या रॉबर्ट जॉन्सननंतर आणि 1962 च्या रिंगो स्टारच्या आधी येईल. आणि 14 ऑगस्टच्या तुमसरची ओळ स्वातंत्र्याच्याच यादीत राहू द्यावी. त्या दिवशी तिथे काय गायलं गेलं याचा पुरावा जोवर पुढे येत नाही, तोवर तिला गाण्याच्या यादीत ओढणं हुतात्म्यांवरही अन्याय आणि गाण्यावरही.